उजाडल्यावरचा जाळ

रहिमतपूरकडून आमच्या वाडीला यायचं म्हणजे शेवटी एक उतार लागतो आणि वाडी पहिल्यांदा दिसते ती वरून. एका अंगाला कृष्णेचं वळण, दुसऱ्या अंगाला माळाची धार, आणि मधे परातीत ठेवल्यासारखी घरं. उन्हाळ्यात हा खोलगटपणा जाणवतही नाही. वारा माळावरून येतो आणि नदीवर निघून जातो. पण दिवाळी सरून थंडी उतरली, की त्या उतारावर सकाळी उभं राहिलेल्याला वाडी दिसतच नसे. धुकं असायचं आणि धुक्यात गुऱ्हाळाचा धूर. दोन्ही अशी एकजीव झालेली की कुठलं काय ते वेगळं काढता यायचं नाही. वर धार उन्हात न्हालेली, आणि खाली एक राखी गोधडी. उन्हं चांगली वर आली की ती गोधडी मधे मधे उसवायची, मग एखादा पिंपळ दिसायचा, देवळाचा कळस दिसायचा, आणि मग सगळी वाडी.

त्या गोधडीखाली अंजनाला श्वास घेता येत नसे.

अंजना ही आकाराम गुळव्याची बायको. गुऱ्हाळावर उसाचा रस शिजवून त्याचा गूळ करणारा तो गुळव्या, आणि आकारामचा हात चांगला म्हणून आसपासच्या गावांत त्याचं नाव होतं. गुऱ्हाळ लालासाहेबांचं. ते फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, मिशा आणि घड्याळ या दोन गोष्टींना जपणारे. वाडीतल्या घराघरांचा ऊस पाळीपाळीनं त्यांच्या गुऱ्हाळावर यायचा आणि आकाराम तो शिजवायचा. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गुऱ्हाळ चालायचं. वाडीचं सगळं वर्ष त्या चार महिन्यांवर उभं असायचं.

अंजनाचं माहेर माणातलं, दहिवडीच्या पलीकडचं. उघडा माळ, बाजरी, मेंढरं, आणि पाण्यासाठी पायपीट. अशा मुलखातली पोरगी नदीकाठाला दिली तेव्हा तिच्या आईनं देवाला नारळ वाढवला होता. पहिल्याच हिवाळ्यात त्या पोरीला धाप लागली. पहाटे उठून बसायची, दोन्ही हात जमिनीला टेकून, खांदे वर ओढून, आणि श्वास आत घ्यायचा म्हणजे जड पोहरा विहिरीतून ओढावा तसा ओढायची. छातीत बारीक शिट्टी वाजायची. ती शिट्टी ऐकून शेजारपाजारच्या बायका यायच्या आणि एकमतानं सांगायच्या की हा नदीचा गारठा. माळावरच्या पोरीला नदीचं दहिवर सोसत नाही.

मग गारठ्यावर इलाज सुरू झाले. तिची सासू साळूबाई मायाळू होती, आणि तिची माया फार कामसू होती. तिनं खोलीची एकुलती खिडकी गोणपाटानं बुजवली. कौलांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. दाराला वाकळ लावली. आत शेगडी ठेवली, निखारे भरून, आणि त्यावर ओवा आणि लसणीच्या साली टाकून धुरी दिली. खोली निळी व्हायची. धाप वाढली की साळूबाई आणखी ओवा टाकायची. बाहेर धूर, आत धूर, आणि मधे ती पोर. शेवटी तिच्या ओठांचा रंग बदलायला लागला तेव्हा आकारामनं तिला एस.टी.त घालून माहेरी पोचवलं. तिथं ती आठवडाभरात उठून मेंढरांमागं गेली.

पुढं हाच पायंडा पडला. दिवाळी झाली की अंजनानं माहेरी जायचं, शिमगा झाला की परत यायचं. वाडीला यात गंमत वाटायला लागली. लोक तिला हिवाळी पाखरू म्हणायचे. थंडीची चाहूल लागली की ज्ञानू नावाचा एक शेतकरी आकारामला हटकून विचारायचा, "काय रं गड्या, पाखरू उडालं का?" आकाराम हसायचा. दुसरं काय करणार.

मुलगी झाली, कमल. ती लहान होती तोवर आईच्या कडेवर बसून माणात जायची. शाळेत घातल्यावर ते बंद झालं. मग अंजना एकटीच जायला लागली, आणि चार महिन्यांनी परत आली की कमल दोन दिवस आजीच्या आडून तिच्याकडे बघायची. एकदा साळूबाईचा भाऊ येऊन गेला. जेवताना म्हणाला की वर्षातले चार महिने बायको नसलेल्या माणसाचा संसार कसला, दुसरी बघा. साळूबाईनं यावर हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. अंजना आत भाकरी थापत होती आणि तिनं ते ऐकलं.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. दागिना नको होता, साडी नको होती. तिला एक सबंध हिवाळा स्वतःच्या घरात काढायचा होता.

तो तिला मिळाला, पण ज्या वाटेनं मिळाला ती कुणी मागितली नसती.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. माणाला दुष्काळाची सवय, पण त्या वर्षी माणानंही हात टेकले. अंजनाचा भाऊ मेंढरं घेऊन खाली कुठंतरी चाऱ्याच्या शोधात गेला, भावजय आणि आई खडी फोडायच्या कामावर. माहेराला कुलूप लागलं. इकडं नदीची वाळू झाली. विहिरी तळाला गेल्या, मळ्यांतला ऊस उभ्या उभ्या वाळला आणि लोकांनी तो जनावरांना घातला. दिवाळी आली तेव्हा गुऱ्हाळाच्या चरकाला कोळ्यांनी जाळी बांधली होती.

अंजनाला जायला जागा नव्हती. थंडी पडायला लागली तशी ती रोज संध्याकाळी मनाशी तयारी करायची, जशी एखादी बाई बाळंतपणाची करते. तिनं स्वतःच खिडकीचं गोणपाट काढून ठेवलं. साळूबाईनं शेगडी शोधली, पण जाळायला काय होतं? चिपाडं म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा; दर वर्षी तोच घराघरांत जळणाला यायचा. ऊस नाही तर चिपाड नाही. गोवऱ्या चुलीलाच पुरत नव्हत्या. शेगडी तशीच कोपऱ्यात राहिली.

कार्तिक गेला. मार्गशीर्ष गेला. पौषातल्या एका सकाळी साळूबाई अंगणात तोंड धूत होती. पाणी इतकं गार की बोटं वाकेनात. धुकं नव्हतं, कारण नदीत पाणीच नव्हतं, पण थंडी हाडांत शिरत होती. तिनं सवयीनं कान दिला. आत शिट्टी वाजत नव्हती. ती ओल्या हातानंच खोलीच्या दारात गेली. अंजना कमलच्या अंगावर हात टाकून झोपली होती, तोंड मिटून.

साळूबाईनं तिला उठवलंच.

"अंजने, थंडी तर तशीच हाय की गं."

अंजना उठून बसली. सासू काय विचारते आहे हे तिला लगेच कळलं, कारण गेले काही दिवस तीही तेच घोळवत होती. माणात नदीकाठापेक्षा कडक थंडी पडते. उघड्या माळावर पहाटे मेंढरांच्या लोकरीवर दव गोठतं. त्या थंडीत तिला कधी धाप लागली नव्हती. ते श्रेय तिनं आजवर आईच्या हाताला दिलं होतं, बाजरीच्या भाकरीला दिलं होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मला थंडी बाधतच नसंल."

 साळूबाईनं कोपऱ्यातली शेगडी उचलली आणि गोठ्याच्या माळ्यावर पार मागं सरकवून ठेवली. 

दुसऱ्या वर्षी पाऊस झाला. नदी भरली, लोकांनी ऊस लावला, पण जो काही होता तो बेण्यालाच गेला. गुऱ्हाळ त्याही हिवाळ्यात थंडच राहिलं. अंजनाचे असे दोन हिवाळे घरात गेले. नदीवरचं धुकं तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं. ते पांढरं असतं, आणि त्याला ओल्या मातीचा वास असतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. संक्रांतीला तिनं वाडीतल्या बायकांबरोबर सुगडं पुजली. कमलला शाळेच्या वाटेवर सोडायला ती धुक्यातून चालत जायची आणि पोर तिचं बोट सोडायची नाही.

आणि मळ्यांतून ऊस वाढत होता. डोक्याएवढा झाला, मग डोक्यावरून गेला. सगळी वाडी त्या उसाकडे बघून हसत होती. अंजनाही हसायची, कारण दोन वर्षं तिनंही मिलोची, रेशनवरच्या त्या लाल परदेशी ज्वारीची, भाकरी खाल्ली होती. पण आकाराम गुऱ्हाळाचं चुलवाण लिंपायला गेला, त्या मोठ्या चुलीच्या भेगा माती आणि शेणानं बुजवायला लागला, तेव्हा ती दिवाळीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायला लागली.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटलं. पहिला गूळ देवाला गेला, मग घराघरांत. कोंबड्याच्या आधी चुलवाणात जाळ पडायचा आणि उजाडायच्या आत वाडीवर ती जुनी गोधडी अंथरली जायची. तिसऱ्या पहाटे अंजना हात टेकून बसली.

आकारामनं सांगितलं की आता माणातही बरे दिवस आलेत, भाऊ परत आलाय, जाऊन ये. तो चांगल्या मनानं म्हणाला. तिनं नकारार्थी मान हलवली. श्वास घेत घेत, तुकड्यातुकड्यानं तिनं त्याला सांगितलं की थंडी नाही, धूर बाधतोय. दोन हिवाळे ती इथंच होती, थंडी होती, धूर नव्हता.

 आकाराम म्हणाला, "म्हंजे माझा जाळ बाधतोय तुला."

त्याच्या आवाजात राग कमी होता, लागल्यासारखं जास्त होतं. ज्या कामासाठी लोक त्याला हात जोडतात, त्याच कामानं घरातलं माणूस गुदमरतं, हे त्याला पटवून घ्यायचं नव्हतं. जाळाशिवाय गूळ होत नाही, आणि गूळ झाला नाही तर वाडी काय खाणार, असं तो बोलला. अंजना म्हणाली की जाळ बंद करा असं ती म्हणत नाही. उजाडल्यावर पेटवा. ऊन पडलं की हवा हलते, धूर वर चढतो. पहाटे हवा निजलेली असते, मग धूरही वाडीतच निजतो.

तो हसला. गुऱ्हाळ पहाटेच पेटतं. त्याच्या बापानं पहाटे पेटवलं, आज्यानं पहाटे पेटवलं. पहाटेच्या गारव्यात गुळाला रंग चढतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. असं म्हणून तो कामाला गेला.

साळूबाई ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होती. ऊन वर आल्यावर तिनं पायांत वहाणा सरकवल्या आणि सुनेला म्हणाली, चल.

गुऱ्हाळावर त्या वेळी पहिलं आधण, म्हणजे एका वेळेला शिजवायचा काहिलीभर रस, उतरलं होतं. लालासाहेब खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. त्या दिवशी ज्ञानूच्या उसाची पाळी, म्हणून तोही तिथंच होता. चरकाचं इंजिन फट्‌फट् करत होतं. आकाराम काहिलीतली मळी झाऱ्यानं काढत होता. आई आणि बायको येताना दिसल्यावर त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

साळूबाई थेट खाटेपाशी गेली. "लालासाब, तुमचा धूर आमच्या घरात मुक्कामाला हाय. त्याला जेवाय वाढू का?"

लालासाहेब हसले. मावशी, बसा, रस घ्या, म्हणाले. साळूबाईनं रस घेतला नाही. तिनं सुनेची सगळी हकिगत सांगितली आणि मागणं मांडलं. ज्ञानूनं मधेच तोंड घातलं.

"पाखरू उडवायचं सोडून आता गुऱ्हाळच उडवायचं व्हय, आत्ती?"

"तू गप ऱ्हा. तुझ्या आज्ज्याच्या बारशाला मी घुगऱ्या खाल्ल्यात."

लालासाहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, जणू उत्तर तिथं असावं. मग समजावणीच्या सुरात सांगितलं की त्यांना अंजनाबद्दल वाईट वाटतं, पण टाइम म्हणजे टाइम. गुऱ्हाळाची वेळ त्यांनी ठरवलेली नाही, आजोबांनी ठरवलीय. ती बदलायची म्हणजे गुळाशी खेळ, आणि गूळ एकट्याचा नाही, सगळ्या वाडीचा आहे. हे बोलणं खोटं नव्हतं.  साळूबाई मागं वळली आणि सुनेला म्हणाली, "बोल की. तुला ठावं हाय ते."

पदर डोक्यावर ओढून अंजना सासूच्या मागं उभी होती. चालून आल्यानं तिला धाप लागली होती. ती बोलली ते इतकं हळू की लालासाहेबांना खाटेवरून पुढं वाकावं लागलं.

"आजोबांच्या टायमाला घाण्याला बैलं हुती. बैलाला ऊन सोसत न्हाई, म्हणून रात्रीचं गाळप, पहाटंचा जाळ." तिनं श्वास घेतला. "बैलं गेली. आता ही पहाट कुणासाठी हाय?"

 इंजिन फट्‌फट् करत होतं. ते येऊन सात-आठ वर्षं झाली होती. ते आलं त्या दिवशी वाडीनं त्याला हार घातला होता, बैलं सोडून मळ्यात नेली होती, आणि बैलांची वेळ मात्र तशीच दावणीला राहिली होती. हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण इतकी सोपी गोष्ट डोक्यात यायला कारण लागतं. अंजनाला कारण होतं.

लालासाहेबांनी बशी खाली ठेवली. मिशीवर बोट फिरवत ते म्हणाले, "आयला. खरंच कुणासाठी रं, ज्ञानू?"

ज्ञानूला प्रश्न आवडला नाही. बघायचंच असेल तर दुसऱ्या कुणाच्या उसावर बघा, माझ्या उसावर नको, एवढं त्यानं निक्षून सांगितलं. लालासाहेब म्हणाले की पुढची पाळी त्यांची स्वतःची आहे. ऊस त्यांचा, नुकसान त्यांचं. "आकाराम, माझ्या उसाला उजाडल्यावर जाळ घालायचा. ऑर्डर समज."

आकारामनं होकारार्थी मान हलवली. पण हे त्याला पटलेलं नाही, असं त्याची पाठ सांगत होती.

लालासाहेबांच्या पाळीला गूळ बिघडला. रंग काळपट आला, चव किंचित आंबूस, आणि ढेप धरेना. वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या उथळ चौकटीत, ओतलेला गूळ थंड झाल्यावरही हाताला चिकट राहिला. ज्ञानूनं बोटाला लावून चाखला आणि घरोघर जाऊन चव सांगितली. आकाराम घरी आला तो जेवला नाही.  इतक्या वर्षांत त्याच्या हातचा गूळ असा रुसला नव्हता, आणि तो कुणामुळे रुसला हे सगळ्यांना माहीत होतं.

अंजनानं दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधलं. कमलच्या परकराला दोन टाके घालायचे होते, ते घातले. सासूला म्हणाली, माझ्यापायी वाडीचा गूळ नको जायला.  साळूबाईनं गाठोडं सोडलं नाही, पण एस.टी.च्या वेळेला पाणी आणायच्या निमित्तानं ती इतका वेळ नदीवर काढून आली की तिचा निरोप घ्यायला थांबलेल्या अंजनाची एस.टी. निघून गेली.

आकाराम त्या दिवशी गुऱ्हाळावरच होता. जाळ नव्हता, लालासाहेबांनी एक दिवस सगळं थांबवलं होतं. तो एकटाच रिकाम्या काहिलीच्या काठावर बसून राहिला. मग मांदणातला, म्हणजे रस साठवायच्या हौदातला, तळाशी राहिलेला रस त्यानं ओंजळीत घेऊन हुंगला. चिपाडांचा ढीग उपसून पाहिला. तिन्हीसांजेला तो घरी आला तेव्हा अंजना दिवा लावत होती आणि गाठोडं दाराशीच होतं.

तो गाठोड्याशेजारी बसला.

"जाळाची चूक न्हाई," तो म्हणाला. "रस ताटकळला."

मग तो बोलत सुटला, एरवी कधी बोलायचा नाही इतका. त्यांनी जाळ उशिरा घातला, पण चरक मात्र जुन्याच सवयीनं रात्री चालवला. म्हणजे रस गाळून तयार, आणि शिजवायला उजाडायची वाट बघत पडून. उसाचा रस वाट बघत नाही, तो आंबतो. बैलं गेल्यावर बदलायचं तर दोन्ही बदलायला हवं होतं. गाळपही उजाडता उजाडता, आणि जाळ त्याच्या पाठोपाठ. आणि चिपाडं. पहाटे अंधारात हाताला येतील ती ओलसर चिपाडं चुलवाणात जायची, धूर त्याचाच जास्त. दिवसा पसरून वाळवली तर जाळ चांगला लागेल, धूर कमी. हे सगळं तो सांगत होता ते तिच्यासाठी होतं की गुळासाठी, हे कळत नव्हतं. त्यालाही कळत नसावं. पण त्याच्या डोळ्यांत गुळव्याची ती जुनी चमक आली होती.

"लालासाब आयकत्याल?" अंजनानं विचारलं.

"त्यो ऑर्डर देतो. गूळ मी करतो." तो उठला आणि जाता जाता गाठोडं उचलून फळीवर ठेवलं.

लालासाहेबांनी ऐकलं. उरलेला त्यांचाच ऊस होता, आणि बिघडलेल्या गुळाचं तोंड त्यांनाही पुसायचं होतं. तांबडं फुटताना इंजिन सुरू झालं. धारेवर ऊन उतरल्यावर चुलवाण पेटलं. आकारामनं भेंडीचा रस घालून मळी वर आणली, काढली, पुन्हा आणली, पुन्हा काढली. त्या आधणाचा गूळ वाफ्यात पडला तो शेवंतीसारखा पिवळा.

वाडीला डोळ्यांवर विश्वास होता, पण खरा निकाल सांगलीचा. गूळ तिकडच्या पेठेत जायचा, नेमिनाथ नावाच्या जैन अडत्याकडे. तो कमी बोलायचा, आणि त्याच्या कमी बोलण्याची लोकांना धास्ती होती. लालासाहेब स्वतः गाडीबरोबर गेले, ज्ञानूही गेला, कारण चुकलं तर ते आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. नेमिनाथनं ढेपेचा तुकडा मोडला, उजेडात धरला, जिभेवर ठेवला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. लालासाहेबांनी न राहवून विचारलं, कसा आहे. त्यानं वळूनही न बघता सांगितलं, "नेहमीसारखाच हाय की."

परतीच्या वाटेवर लालासाहेबांनी ते वाक्य इतक्या वेळा म्हणून दाखवलं की ज्ञानूनं शेवटी सांगून टाकलं, माझ्या पुढच्या पाळीलाही उजाडल्यावरच घाला.

सगळं एकदम बदललं असं नाही. नदीपलीकडं दुसऱ्या गावचं गुऱ्हाळ होतं, ते पहाटेच पेटायचं, आणि काही सकाळी त्याचा धूर पाण्यावरून सरपटत इकडं यायचा. त्या दिवशी अंजना घराबाहेर पडायची नाही; छाती जड व्हायची, बारीक शिट्टी वाजायची, आणि दुपारी थांबायची. साळूबाई खिडकी उघडी ठेवायची की मिटायची यावर रोज स्वतःशी भांडायची. पलीकडचा गुळव्या आकारामचा लांबचा पाहुणा. माघात तो होडीनं अलीकडं आला आणि दिवसभर गुऱ्हाळावर बसून बघून गेला. हो म्हणाला नाही. पण चिपाडं वाळवायची कशी, हे मात्र दोनदा विचारून गेला.

त्याआधीच, पौष संपता संपता, एका सकाळी साळूबाईचा गुडघा धरला म्हणून आकारामची भाकरी घेऊन अंजना गुऱ्हाळावर गेली. उन्हं आली होती. धुकं नदीवर मागं सरलं होतं. चुलवाणाच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता आणि धारेच्या उंचीला पोचल्यावर विरत होता. ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चिंचेखाली थांबली.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवऱ्याला गूळ करताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. गुऱ्हाळ चालायचं तेव्हा ती माणात असायची, आणि ती घरात असायची तेव्हा गुऱ्हाळ बंद असायचं. भांडण मांडायला आली त्या दिवशी तिनं वर बघितलंच कुठं होतं. आता तिनं पाहिलं. उघड्या अंगाचा, डोक्याला फडकं बांधलेला तो माणूस त्या भल्यामोठ्या काहिलीभोवती असा फिरत होता, जसं कुणी झोपलेल्या पोराभोवती फिरावं. उकळीचा आवाज बदलला की थांबायचा, कान द्यायचा. जाळ घालणाऱ्याला बोटानं खूण करायचा, थोडा कमी, आणि पलीकडच्याला दुसऱ्या बोटानं, ढवळ. घरात न बोलणारा हा माणूस इथं सगळ्या अंगानं बोलत होता.

त्यानं तिला बघितलं आणि फडक्यानं तोंड पुसत जवळ आला. भाकरी घेतली. उसाच्या कांडीवर गरम काकवी घेऊन तिच्या हातात दिली. तिनं ती फुंकत फुंकत खाल्ली. मग पदराआडून काहिलीकडे बघत विचारलं, "उतरायची वेळ झाली, हे कसं वळखता?"

असं त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यानं भाकरीचं फडकं चिंचेच्या फांदीवर अडकवलं आणि सांगायला लागला. आधी बुडबुडे मोठे असतात, मग बारीक होतात, मग त्यांना डोळे फुटल्यासारखे दिसतात. तेव्हा थोडं पाण्यात टाकायचं. गोळी झाली, आणि ती ताटावर मारली की टण्ण वाजली, की मग एक क्षणही थांबायचं नाही. वाजण्याचेही प्रकार असतात, ते कानाला सवयीनं कळतात. त्याच्या बापाला म्हणे न बघता नुसत्या वासावरून कळायचं. तो हातांनी गोळी वळून दाखवत होता, ती मान हलवत होती आणि मधेच काही विचारत होती. तिचा श्वास चालू होता की नाही, इकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

"आकाराम," काहिलीपाशी झारा धरून ताटकळलेला ज्ञानू म्हणाला, "बायकोला शिकवून झालं असंल तर बघ. गूळ करपाय लागलाय."